काटा हलला नाही

बाभुळगावात पहाटे साडेपाचला रस्त्यावर उतरलं की आधी भेटतात ते भरतीचे पोट्टे. धामणगाव रोडच्या कडेनं दोघं-तिघं मिळून, तोंडातून वाफा काढत पळत असतात. जानेवारीत दोन्ही बाजूंच्या वावरांत शेवटच्या वेचणीची कपाशी उभी असते आणि तुरीच्या शेंगांवर दंव असतं. या पोरांच्या बरीच मागं मी असते. वय ४१, उंची १५३ सेंटिमीटर, अंगात भावाचा जुना ट्रॅकसूट.

ऑगस्टमध्ये सुरुवात केली तेव्हा वजन ७३ किलो होतं. जानेवारीतल्या एका रविवारी धावून परत येताना आत्याकडे थांबले आणि तिच्या ओसरीवरच्या काट्यावर उभी राहिले. ७१. साडेपाच महिन्यांत दोन किलो. मी खाली उतरले आणि म्हणाले, "उद्यापासून बंद."

आत्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली नर्स. तीस-बत्तीस वर्षं तिनं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केली, लसी दिल्या, पोरांची वजनं केली. माझा मोठा भाऊ बी.पी.एड. झालेला, भरतीच्या पोरांना पैसे न घेता शिकवतो. त्या सकाळी दोघंही ओसरीवर होते. पुढचं बोलणं आठवतं तसं लिहिते.

आत्या : बंद काहून? दोन किलो कमी झाले ना?

मी : साडेपाच महिने पहाटे उठले, आत्या. बायका विचारतात, धावून राहिली ना तू, मग दिसत तर काही नाही. काय सांगू त्यांना?

दादा : आधी तो काटा पलंगाखाली सरकव. ऑगस्टमध्ये विजेच्या दोन खांबांमधलं अंतर तुला धावता येत नव्हतं. आज पाच किलोमीटर ४१ मिनिटांत, एकदाही न थांबता. हे कोणता काटा सांगणार?

आत्या : घड्याळ तुझं, काटा माझा. माझ्या काट्याले नावं ठेवायची नाहीत. तुले माहीत आहे, या जिल्ह्यात काट्यानं किती लेकरं वाचवली? पोरगं हसत-खेळत दिसते, माय म्हणते चांगलं आहे, अन् झोळीत टाकलं की काटा सांगते, दोन महिन्यांत वजन वाढलंच नाही. तिथूनच धावपळ सुरू व्हायची. म्हातारा माणूस विनाकारण चार किलो उतरला की मी आधी थुंकी तपासायले पाठवायची, टीबी असला तर सापडायचा. गरोदर बाईचं वजन वाढत नसलं की मी दर आठवड्याले तिच्या घरी. काटा खोटं बोलत नाही, बाबू.

दादा : लेकरांचं मी बोलतच नाही. मोठ्या माणसाला काट्यावर उभं करून वर उंचीचं गणित घालता आणि माणूस तंदुरुस्त आहे की नाही ते ठरवता, त्याबद्दल बोलतो. हिचं गणित कर. ७१ ला १.५३ नं दोनदा भाग.

मी आधीच करून बसले होते. उत्तर, म्हणजे बीएमआय, ३०.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ३० च्या पुढे लठ्ठपणा. ऑगस्टमध्ये ३१.२ होता, म्हणजे तेव्हाही लठ्ठ आणि आजही लठ्ठ.

दादा : बघ. साडेपाच महिन्यांपूर्वी जिना चढताना धापा टाकणारी आणि आज पाच किलोमीटर पळणारी, दोघी एकाच रकान्यात. माझ्याकडं एक पोरगा आहे. १७२ सेंटिमीटर, ८४ किलो. तुझ्या गणितानं २८.४. सात किलो २६० ग्रॅमचा गोळा त्याच्याइतका लांब माझ्या बॅचमध्ये कोणी टाकत नाही. मांड्या बघ त्याच्या, नुसतं मांस. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले की २० पैकी २० गुण. छाती ७९ सेंटिमीटर लागते, फुगवून ५ आणखी. सगळं मोजतात तिथं, पण गुण मिळतात ते पळण्याचे, फेकण्याचे.

आत्या : तुझा पैलवान एक. त्याच्यासारखे तालुक्यात किती? बाकी २८ वाले कोण आहेत? दुकानाच्या गादीवर बसणारे. त्यांच्या अंगावर मांस नाही, चरबी आहे. अन् तुले एक सांगते, आपल्या लोकांसाठी डॉक्टरांनी रेघ खाली ओढली आहे. तिकडं २५ पासून जास्त वजन धरतात, आपल्याकडं २३ पासून. २५ च्या वर लठ्ठ. काहून? तर आपल्याले कमी वजनातच शुगर होते.

इथं आत्यानं स्वतःच्याच हातानं दार उघडून दिलं. कमी वजनातच शुगर होते, तर मग वजन नेमकं काय सांगतं? मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी दोघांना सांगितली.

मी : २००४ साली लॅन्सेटमध्ये एका पानाचा लेख आला होता. लिहिणारे दोघं डॉक्टर. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचे फोटो शेजारी-शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३. दोघंही अंगानं शिडशिडीत, तुझ्या तक्त्यात दोघंही एकदम ठीक. मग दोघांच्या शरीरातली चरबी क्ष-किरणांच्या यंत्रानं मोजली. युडकिनच्या अंगात ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

आत्या : दुपटीहून जास्त?

मी : दुपटीहून जास्त. आणि लेखात कारणाकडं बोटही दाखवलं आहे. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल सांगितलं की त्यांची धाव म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत गाठणं, तेवढीच.

दादा हसला, आत्या हसली नाही. ती विचारात पडली. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. तिचा धाकटा मुलगा, वय ३८, कृषी केंद्रात दिवसभर खुर्चीवर बसतो. १६८ सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन, म्हणजे २१.३. घरात सगळे त्याला काडी म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर विम्यासाठी रक्त तपासलं तर उपाशीपोटीची साखर १४८ निघाली. पुन्हा तपासली, तरी तशीच.

आत्या : मी दर महिन्याले त्याचं वजन करत होते. म्हणत होते, माझ्या लेकाले काही होत नाही, अंगावर तोळाभर चरबी नाही.

तिला बरं वाटावं म्हणून नाही, खरं आहे म्हणून मी पुढचंही सांगितलं. याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपलं बाळ सगळीकडून लहान होतं. पोट लहान, दंड बारीक, मांस कमी. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमट घेऊन मोजली, तर चरबी जवळपास गोऱ्या बाळाइतकीच. वजनात बारीक आणि चरबीत जाड. म्हणजे हा फरक खुर्चीवर बसून सुरू होत नाही, आईच्या पोटातच सुरू होतो. खुर्ची त्यात भर घालते.

आत्या : अडीच किलोच्या वर भरलं की आम्ही सुटलो म्हणायचो. नोंद करून पुढच्या घरी.

दादा : आत्या, तेव्हा तुझ्या हातात काटाच होता. पाठीची चिमट मोजायला कोणी दिलंच नव्हतं.

माझं मत मी इथंच लिहून टाकते. बीएमआयवर माझा राग आहे तो त्यानं मला लठ्ठ म्हटलं म्हणून नाही. त्यानं माझ्या आतेभावाला ठीक म्हटलं म्हणून आहे. मी जाड दिसते, म्हणून कोणी ना कोणी मला साखर तपासून घे म्हणतच असतं. त्याला कोणी म्हटलं नाही. वऱ्हाडातल्या बारीक माणसाला हा आकडा निर्धास्त करतो.

मुळात हे गणित तंदुरुस्ती मोजायला काढलेलंच नव्हतं. बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा माणूस. १८३० च्या दशकात तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता आणि त्याला दिसलं की मोठ्या माणसांत वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बॉडी मास इंडेक्स हे नाव फार पुढं, १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्याच्या सोबत्यांनी दिलं. पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं घेऊन त्यांनी ते तपासलं. त्यात भारत नव्हता आणि बाईही एक नव्हती. हजारो लोकांचा एकत्र हिशेब करायला ते साधं, स्वस्त साधन आहे, तिथं मी त्याच्याविरुद्ध नाही. पण तोच आकडा एका माणसाच्या कपाळावर चिकटवायचा, तर त्या माणसाकडं एकदा नीट बघावं लागतं.

दादाला आता जोर चढला.

दादा : आपले एक काका एसटी चालवायचे ना? मग हे ऐक. लंडनच्या दोन मजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं अभ्यास केला, १९५३ मध्ये छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयाचा झटका कंडक्टरांना कमी. लोक म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाड असतील. तेव्हा मॉरिसनं गणवेशाच्या पॅंटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या, हे खरं निघालं. पण कंडक्टर बारीक असो, मध्यम असो की पोट सुटलेला असो, अचानक मरण त्याला ड्रायव्हरपेक्षा कमीच. जिन्यानं वाचवलं त्यांना. आणि अमेरिकेत डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटचा १९९९ चा अभ्यास आहे, वीस हजारांवर पुरुषांचा. ट्रेडमिलवर दम टिकवणारे जाड पुरुष, दम नसलेल्या सडपातळ पुरुषांपेक्षा कमी मेले.

आत्या : म्हणून वजनाले काही अर्थच नाही, असं तू पोरांले सांगतो ना? त्या दिवशी गुडघा धरून बसलेला तो जाडा पोरगा कोणाचा होता?

दादा गप्प झाला. पोरगा त्याचाच होता. पंचाण्णव किलोचा, पहिल्याच आठवड्यात इतरांबरोबर डांबरी रस्त्यावर पळवलेला.

आत्या : वजन एक किलो कमी झालं, तर गुडघेदुखीच्या जाड माणसाच्या गुडघ्यावरचा भार पावला-पावलाले चार किलोनं कमी होते. हे मोजून पाहिलेलं आहे. मी रोज गुडघ्यावर तेल चोळणाऱ्या बाया पाहिल्या, तू नाही पाहिल्या. अन् पळणाऱ्या जाड्याले धोका न पळणाऱ्यापेक्षा कमी असला, तरी पळणाऱ्या बारक्यापेक्षा जास्तच राहते. अर्धीच गोष्ट सांगू नको.

दादा : बरोबर आहे तुझं. अविनाश साबळेचंही तसंच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा. लष्करात गेल्यावर वजन वाढलं होतं त्याचं. ते उतरवलं तेव्हाच धावणं परत आलं. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद आणि रौप्य. पहिल्या आलेल्या केनियाच्या माणसामध्ये आणि त्याच्यामध्ये सेकंदाचा विसावा हिस्सा. तिथं वाढलेल्या वजनाला माफी नसते. पण आत्या, त्यानं वजन काट्यासाठी उतरवलं नाही, वेळेसाठी उतरवलं.

मी : माझं काय मग? मी तर उतरवलंच नाही.

आत्यानं पाटी मागितली नाही, पण हिशेब मात्र पाटीवर मांडल्यासारखा केला. धावताना किलोमीटरमागं अंगाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी जाते. ७१ किलोची बाई पाच किलोमीटर धावली, की साडेतीनशेच्या वर. आठवड्यातून चार दिवस, म्हणजे चौदाशे. अंगावरची एक किलो चरबी उतरायला अंदाजे ७,७०० लागतात. म्हणजे एका किलोला पाच आठवड्यांहून जास्त, तेही जेवणात एक घास वाढला नाही तर.

आत्या : अन् पहिले दोन महिने तू अर्धं चाललीच होती. साडेपाच महिन्यांत तीन किलोच्या आसपास हिशेब बसते. दोन उतरले. उरलेलं कुठं गेलं, ते तूच सांग.

मी सांगितलं. धावून आल्यावर भूक लागते. शाळेला जाताना स्टँडवर दोन आलूबोंडे आणि गोड चहा झाला, की पाचही किलोमीटर परत अंगावर. रोज नव्हे, पण आठवड्यातून दोन-तीनदा होतं तसं. घरी ज्वारीची भाकर आणि वरण असताना मी स्टँडवर खाते, हेही खरं.

आत्या : मग काटा खोटं बोलला का? तू आस मोठी धरली होती. धावण्यानं वजन भरभर उतरते, हे तुले कोणी सांगितलं? वजन उतरते ताटात. धावण्यानं दुसरं होते.

मला त्या सकाळी मिळालेलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच, आणि ते काट्याची बाजू घेणाऱ्या बाईनं दिलं. धावायला लागलेल्या किती बाया मी दोन-तीन महिन्यांत घरी बसलेल्या पाहिल्या. थंडीनं नाही, लोकांच्या बोलण्यानंही नाही. काटा हलला नाही म्हणून बसल्या. त्यांना वाटलं, शरीरात काहीच झालं नाही.

मग आत्यानं मला जवळ बसवलं, माझा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. अर्ध्या मिनिटाची मोजून दुप्पट करायची, हे तिला कधीच पटत नाही. ऑगस्टमध्ये तिनंच मोजली होती तेव्हा ८८ होती.

आत्या : सत्तर. अन् धावून येऊन तासही झाला नाही.

ती पुन्हा एकदा मोजायला लागली. पुन्हा सत्तरच. नाडी शांत होणं म्हणजे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागलं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं तिनं नाड्या मोजल्या होत्या.

दादा : आता मानतेस?

आत्या : तुझं घड्याळ नाही मानत. माझं बोट मानते.

मग तिनं आतून शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ऑगस्टमध्ये माझी कंबर ९६ सेंटिमीटर होती, आज ८९ भरली. वजन दोनच किलो उतरलं, पण पोटाचा घेर सात सेंटिमीटरनं आत गेला. काट्यावर मांस आणि चरबी एकाच तराजूत पडतात, टेपला तसं होत नाही. आपल्याकडं बाईची कंबर ८० च्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी असं धरतात. म्हणजे मला अजून बराच पल्ला आहे, आणि त्यातला मोठा भाग स्टँडवरच्या आलूबोंड्याचा आहे, हे मी मान्य केलं.

आत्यानं मुलाला हाक मारली. तो अंगणात दात घासत होता. टेप त्याच्या बेंबीच्या वर, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध लावली. पोट आत ओढू नको, श्वास सोड, म्हणाली. काडीसारख्या हातापायांचा माझा आतेभाऊ, वजन ६० किलो, आणि टेपवर आकडा ९३.

ती टेप हातात धरून उभीच राहिली. मग दादाकडं वळून म्हणाली, "उद्यापासून यालेही घेऊन जाय. पण आधी चालव. तुझ्या त्या पोरासारखं करू नको." दादानं मान हलवली.

वाचणाऱ्यांना एक विनंती करते. तुमचं वय तिशीच्या पुढं असेल, तर अंगानं कितीही बारीक असा, एकदा कमरेला टेप लावा आणि उपकेंद्रावर जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. पैसे लागत नाहीत. आणि जी बाई पहाटे धावायला लागली आहे, तिला किती किलो उतरले असं विचारू नका. किती अंतर धावते, ते विचारा.

पुढच्या आठवड्यात आशाताई घरी आल्या. तिशीच्या पुढच्या माणसांसाठी त्यांच्याकडं एक सरकारी फॉर्म असतो, त्यात जोखमीचे गुण मांडतात. तंबाखू, दारू, घरात कोणाला साखर-रक्तदाब आहे का, कमरेचं माप किती, आठवड्यात निदान १५० मिनिटं व्यायाम होतो का. माझ्या कमरेला एक गुण लागला, व्यायामाला शून्य. आतेभावाला कमरेचा एक आणि व्यायामाचा एक. माझे ७१ किलो आणि त्याचे ६० किलो त्या गुणांत कुठंच आले नाहीत.